काच हातात असताना

"तुम्ही दोघं बहीणभाऊ का?" असं त्या बाईंनी विचारलं आणि हा, माझा नवरा, म्हणाला, "हो, तसंच."

बाईंच्या मनात काही नव्हतं. निवृत्त ग्रंथपाल, एकट्या राहणाऱ्या, कोणाशी तरी चार शब्द बोलायला मिळतायत म्हणून खूश. खिडकीची फुटलेली काच बदलून द्यायला आम्ही सकाळीच त्यांच्याकडे गेलो होतो आणि त्या मघापासून दारात उभ्या राहून आमचं काम बघत होत्या. याने मागे हात केला की मी न विचारता त्या हातात रबरी पट्टी द्यायची, मी वाकले की याने आपोआप बाजूला व्हायचं, आणि हे सगळं दोघांनी तोंडातून ब्र न काढता. त्यांना त्याचं कौतुक वाटलं असणार. नवराबायकोचं असं कुठे जमतं, असंच त्यांना म्हणायचं असेल. मी नव्या काचेवरून फडकं फिरवत होते, ती थांबले. याला काही वाटलं नाही. निदान चेहऱ्यावर तरी काही दिसलं नाही, आणि याच्या चेहऱ्यावर न दिसणाऱ्या गोष्टी आत असतात की नसतात, हे इतकी वर्षं बरोबर राहून मला ठरवता आलेलं नाही. त्याने हत्यारं पिशवीत भरली, पट्टी एकदा अंगठ्याने दाबून पाहिली, बाईंना सांगितलं की आज खिडकी जोरात लावू नका. जिना उतरताना मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेवर पुट्टीचा पांढरा ठिपका होता. एरवी मी तो नखाने काढला असता.

खाली गाडीत बसल्यावर मी विचारलं, बहीणभाऊ कशाला म्हणालास. तो म्हणाला, उगाच कशाला विषय वाढवायचा, बाई कानकोंड्या झाल्या असत्या. मग त्याने आरशात बघून गाडी मागे घेतली. बाई कानकोंड्या होऊ नयेत म्हणून याने मला उभ्या उभ्या बहीण करून टाकलं. हे मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "बरं." आमच्या घरात हा शब्द मी दिवसातून किती वेळा वापरते याचा कोणी हिशेब ठेवलेला नाही, ते बरंच आहे.

एरवी मी हे गिळून टाकलं असतं. पण आज संध्याकाळी ताईचा फोन यायचा होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती दूरच्या शहरात हस्तकलेची शाळा चालवते आणि तिला काचेवर नक्षी कोरायला शिकवणारं माणूस हवंय. ते काम मला येतं. लग्नानंतर आमच्या काचेच्या दुकानातल्या टाकाऊ तुकड्यांवर हात बसवत बसवत शिकले. राहायला शाळेच्या वरची खोली, खोलीला स्वतंत्र जिना, आणि ताईचं एक वाक्य, की त्याच्या घरात राहून तू एक दिवस मुकी होशील. आज होकार दिला तर उद्याच निघायचं, नाहीतर ती दुसरं माणूस बघणार. हे सगळं मला महिनाभरापासून ठाऊक होतं आणि मी याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर भांडण होणार, आणि भांडण आमच्या घरात कुठे ठेवलेलं असतं तेच मला माहीत नव्हतं. सगळ्या वस्तू जागच्या जागी असलेलं घर आहे ते. काच कापायची हिरकणी कुठल्या खणात, रबरी हातमोजे कुठल्या खिळ्याला, मला अंधारातही सापडतं. ते एक कधी सापडलं नाही.

गाडी दुकानापर्यंत येईतो मी रस्त्यावरच्या खिडक्या बघत बसले. हा धंदाच असा आहे, माणूस रस्ता बघत नाही, काचा बघतो. ही आपण बसवलेली, ही दुसऱ्या कोणी तरी आणि वाईट बसवलेली. एका दवाखान्याच्या दाराची काच आमची नव्हती, पण तो दवाखाना माझा होता. लग्नाआधी मी तिथे, दातांच्या डॉक्टरांकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेत असे. एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी मोठी काच आली आणि ती आणणारा एकटाच. त्याचा जोडीदार आला नव्हता. तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला, बराच वेळ काही बोलेना, मला वाटलं दाढ दुखत असेल. मग म्हणाला, "जरा दुसरं टोक धरता का?" मी धरलं. काच आम्ही दोघांच्या मध्ये उभी धरली होती, मी काचेच्या या बाजूला पुढे, तो त्या बाजूला मागे, आणि जिना चढताना सगळं वजन खालच्या माणसाकडे जातं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटत होतं मीच उचललीय. तो सांगत होता, पायरी, वळण, हळू. इतकंच. पण ते शब्द मी पाय टाकण्याच्या नेमके आधी येत होते, मला काय लागणार हे त्याला माझ्याआधी कळत होतं. वर गेल्यावर मला उगाच रडू येईल असं वाटलं. इतक्या काळजीने माझ्याशी तोवर कोणी बोललं नव्हतं.

आमच्या माहेरी बोलणं खूप होतं. आईवडील भांडायचे, रोज, जेवायला बसल्यासारखे नेमाने. वडिलांचं तोंड सुटलं की समोरच्या माणसाचं नेमकं दुखरं काय हे त्यांना बरोबर कळायचं, आणि ते तिथेच बोलायचे. आई भांडी आपटायची. ताई आणि मी दाराआड उभ्या राहून एकमेकींचे कान दाबून धरायचो, मी तिचे, ती माझे. वडील एकदा जे बोलले त्यानंतर आई भांडायची थांबली. काय बोलले ते मी ऐकलंय, कारण ताईची बोटं त्या वेळी जरा सैल झाली होती. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, ताईलाही नाही. असल्या घरातून आलेल्या मुलीला तीन शब्दांत काम भागवणारा माणूस भेटला तर ती काय करेल? मी उडी मारली. मला त्याची शांतता आवडली असं नव्हे, मला तिची भूक होती.

सासरे होते तोवर त्या शांततेला निदान कारण होतं. दुकान त्यांचं. त्यांचा एक नियम होता, काच हातात असताना फक्त कामाचं बोलायचं, घरचं बोलणं काच टेकवल्यावर. त्यांच्या तरुणपणी कोणी तरी काच चढवताना काही तरी बोललं होतं, कोणी तरी मान वळवली होती, आणि सासऱ्यांच्या डाव्या दंडावर कोपरापासून वर पांढरी रेघ होती. मला तो नियम पटला. पण काच टेकवली की सासरे पाणी पीत, हा हातमोजे काढी, आणि घरचं बोलणं काही निघत नसे. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की नियमाचा पुढचा अर्धा भाग या घरात कोणी कधी वापरलेलाच नाही. दुकानाच्या मागेच आमच्या खोल्या, भिंतींना काचा टेकवलेल्या. मी काही बोलायला तोंड उघडलं, जरा आवाज चढला, की याला एखादी काच हलवायची आठवायची. "जरा धर." मी धरायची. आणि धरली की नियम लागू व्हायचा.

एक काच मात्र मला विसरता येत नाही. तिच्यावर मी झाड कोरलं होतं, मुळांसकट, कित्येक दुपारी बसून. एका फांदीवर हात घसरला, ओरखडा गेला, आणि वैतागून मी म्हणाले, बिघडली. दुसऱ्या दिवशी कोणाची तरी खिडकी घाईची होती आणि याने ती काच मापाला कापली. कोरलेला भाग टाकाऊच्या पेटीत. संध्याकाळी मला पेटीत अर्धं खोड दिसलं. मी याच्यासमोर ते धरून उभी राहिले. तो म्हणाला, तूच म्हणालीस ना बिघडलीय. मी म्हणाले, बरं. त्या दिवसापासून माझ्या पोटात ते खोड आहे. हसण्यासारखी गोष्ट आहे, मला कळतं. जगात लोकांची घरं मोडतात आणि ही बाई काचेच्या तुकड्यासाठी रडते. पण मी रडलेही नव्हते.

दुपारचं काम नृत्यशाळेचं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या मध्ये काचेची भिंत हवी होती, जाड, आमच्या उंचीहून मोठी. लिफ्टमध्ये मावत नव्हती. हत्यारं आणि खाली ठेवायचे रबराचे ठोकळे हा आधीच वर ठेवून आला. मग आम्ही हातमोजे घातले, तो म्हणाला उचल, मी उचलली. जिना जुना, गुळगुळीत पायऱ्यांचा, भिंतीला ओलसर वास. वरून तालावर पाय आपटल्याचा आवाज येत होता. मी पुढे होते, तो खाली. पहिला मजला गेला. माझ्या डोक्यात बहीणभाऊ, बहीणभाऊ असं पायऱ्यांच्या तालावर चाललं होतं आणि मला याची किळस येत होती की अशाही वेळी माझा पाय त्याच्या शब्दाबरोबर नेमका पडतोय. माझं अंग त्याचं ऐकत होतं. मी जाईन, ताईच्या शाळेत शिकवीन, आणि कुठल्याही जिन्यावर माझा पाय याच्या "पायरी" या शब्दाची वाट बघत अडेल असं वाटलं आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो म्हणाला, "वळण."

मी वळले नाही. म्हणाले, "मी ताईकडे जाणार आहे. राहायला."

काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. घाम कपाळावरून भुवईत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो पुन्हा म्हणाला, "वळण."

"नाही. बोल आधी."

खाली टेकवायची सोय नव्हती. ठोकळे वर होते, नुसत्या फरशीवर ठेवली तर कड उडाली असती. त्याने एक पाय पुढे घेऊन काचेची कड बुटाच्या टोकावर घेतली. सगळं वजन त्याच्याकडे होतं, मला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ही जागा निवडली होती हे मला त्या क्षणी कळलं. तो हात झटकून निघून जाऊ शकणार नाही अशी जागा. इतकी वर्षं तो माझ्या हातात काच देऊन मला गप्प करत आला, आणि मी त्याच्या हातात काच देऊन त्याला बोलतं करायला निघाले होते. फार काही फरक नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, पण मी हलले नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "ताईंनी आधी मला विचारलं होतं. तुझ्याशी बोलण्याच्या आधी."

"मग?"

"मी म्हणालो, तिची इच्छा असेल तर माझं काही म्हणणं नाही."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. गाडीचा रंग, भाड्याने द्यायची खोली, सासऱ्यांच्या आजारपणात कोणता डॉक्टर, कशाला त्याचं काही म्हणणं नसे. पण माझ्या जाण्यालाही नव्हतं. महिनाभर हा माणूस माझ्या शेजारी झोपला, माझ्या पुढ्यात जेवला, मी जाणार हे माहीत असताना मला हिरकणी हातात देत राहिला. मी म्हणाले, अडवायचं तरी होतंस. तो म्हणाला, अडवलं असतं तर थांबली असतीस, बरं म्हणून. मी म्हणाले, तुला काय माहीत. आणि मग मी झाडाची गोष्ट काढली. जिन्यावर, काच हातात धरून, सगळं काढलं, खोड, फांदी, टाकाऊची पेटी. माझा आवाज चढत गेला, वरचे पाय थांबले.

"तू म्हणालीस बिघडली, मी खरं मानलं," तो म्हणाला. "तू जे म्हणतेस ते मी खरं मानतो. तू बरं म्हणालीस की मला वाटतं, बरं आहे. मला दुसरं कसं कळणार?"

"विचारायचं असतं."

"तुला एकदा विचारलं की तू बरं म्हणतेस, दुसऱ्यांदा विचारलं की तुझ्या कपाळाला आठ्या. मग माणूस विचारायचं सोडतो."

"म्हणजे आजही तुझं काही म्हणणं नाही."

"आहे." तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि तो शब्द मी कानांनी ऐकायच्या आधी हातांनी ऐकला. काच थरारली, हातमोज्यांतून माझ्या तळव्यांत, मनगटात, थेट कोपरापर्यंत त्याचा आवाज आला. "माझं म्हणणं आहे. तू जाऊ नकोस. आणि मला बहीण नकोय, त्या बाईंना मी तसं म्हणालो ते चुकलं. सकाळपासून मला ते कळतंय, पण ते कसं बोलायचं ते कळत नव्हतं."

नृत्यशिक्षिका वरच्या कठड्यावरून डोकावून गेल्या आणि त्यांनी हळूच दार लोटलं.

त्यानंतर आम्ही वळलो. काच वर न्यायची होतीच, ती काही तिथे सोडून देता येत नव्हती. पण आता भांडण तोंडाला लागलं होतं. तो पायरी म्हणायचा आणि पुढे म्हणायचा, तुझी ताई मला माणूसच समजत नाही. मी पाय टाकायची आणि म्हणायची, तूच तिला तसं समजायला लावतोस. काच खोबणीत बसवली, बाजूंना सिलिकॉन भरलं, मी पाणी लावलेल्या बोटाने रेघ सारखी केली, आणि तोवर आम्ही त्याच्या वडिलांवर पोचलो होतो. त्याला भांडता येत नव्हतं. एकच मुद्दा तो पुन्हा पुन्हा घ्यायचा, भलत्याच गोष्टी मध्ये आणायचा, मी एकदा गाडीचं दार नीट लावलं नाही हेही त्यात आलं. एखादं पोर नव्याने चालायला लागावं तसा तो भांडत होता, धडपडत, पण बसायला तयार नाही. मला मात्र येत होतं. मलाच आश्चर्य वाटलं इतकं सहज येत होतं. वाक्यं तयार होऊन ओठांवर येत होती आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा धारदार होतं. ती चाल मला ओळखीची होती. दाराआड उभी राहून मी ती शिकले होते.

आणि म्हणून मी याच्या शांततेत शिरले होते. वडिलांपासून पळून नव्हे, तर माझ्या स्वतःच्या तोंडापासून. हे मला गाडीजवळ, रस्त्यावर, लोक येत-जात असताना कळलं. इतकी वर्षं मी मनात याच्यावर ठपका ठेवला, की हा बोलत नाही, आणि रोज रात्री पाठीला पाठ लावून झोपताना मला सुटल्यासारखं वाटायचं. आजही निभलं. आजही माझं तोंड उघडलं नाही. हे कळलं तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण ते वाक्य जिभेवर आलं होतं, सगळ्यात खालचं, जे बोललं की समोरचा माणूस संपतो, आणि मी वडिलांची मुलगी आहे.

"तुला बायको नकोच होती," मी म्हणाले. "तुला दुसरं टोक धरणारं कोणी तरी हवं होतं. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या जागी दुसरी कोणी बसलेली असती तर तू तिच्याशी लग्न केलं असतंस."

तो गाडीवरच्या, काचा टेकवून बांधायच्या लाकडी घोडीचे पट्टे सोडत होता, त्याचे हात थांबले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आईचा चेहरा असाच झाला होता, आणि त्यानंतर आमच्या घरात फक्त भांड्यांचा आवाज राहिला. त्या दवाखान्यातल्या जिन्यावर माझं सगळं आयुष्य उभं होतं, आणि मी आत्ताच ते स्वतःच्या हाताने मापाला कापलं होतं. आता हा गाडीत बसेल. आरशात बघेल. गाडी मागे घेईल. मी उद्या जाईन, आणि त्याचं काही म्हणणं नसेल.

तो गाडीत बसला. मीही बसले, दुसरं काय करणार. त्याने किल्ली लावली नाही. समोरच्या काचेवर दिवसभराची धूळ होती, तिच्यावर ऊन तिरकं पडलं होतं, आणि पलीकडचा रस्ता नीट दिसत नव्हता. त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. तळहातांवर काचेच्या कडेचे लाल वळ उठले होते. मला ते हात धरावेसे वाटले आणि मला तो हक्क आहे असं वाटेना.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. मी बोललेलं तो खरं मानतो, असं त्याने आजच सांगितलं होतं.

"खोटं आहे," तो पुन्हा म्हणाला. "पण कसं खोटं आहे ते मला पटकन सांगता येत नाही. तू मध्ये बोलू नकोस. माझी वाक्यं तुझ्यासारखी भराभर येत नाहीत." मी मध्ये बोलले नाही. त्याने सुरुवात केली. दवाखान्यात त्याने त्या दिवशी आधी खालच्या औषधवाल्याला हाक मारली होती, तो यायला तयारही होता. मग त्याला टेबलामागे मी दिसले, आणि त्याने औषधवाल्याला परत पाठवलं. "म्हणजे दुसरं टोक धरायला माणूस होता," तो म्हणाला. "मी का परत पाठवला ते..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई. मला तो न घेताही चाललं असतं, पण ती सारखी करत राहिली असती. तिने सरळच विचारलं, काय ठरलं, उद्या निघतेस ना. मी म्हणाले, नाही येत. ती म्हणाली, त्याने अडवलं का. मी म्हणाले, हो. तिला माझा आवाज बसलेला कळला असणार. तिचा स्वर एकदम खाली आला, लहानपणी दाराआड असायचा तसा.

"भांडण झालं का तुमचं? खरं सांग. झालं असेल तर तशीच नीघ, मी आहे."

"झालं नाही, ताई," मी म्हणाले. "चालू आहे."

तिला ते समजलं नाही, आणि मला समजावत बसायला वेळ नव्हता. तो माझ्याकडे न बघता समोरच्या धुळीकडे बघत होता, तोंड किंचित उघडं, अर्धं वाक्य तसंच धरून. मी ताईला म्हणाले, ठेवते आता. फोन बंद करून पिशवीत टाकला, आणि त्याच्याकडे पूर्ण वळून बसले.

"हं," मी म्हणाले. "काय म्हणत होतास?"